कंट्री डान्सचा वर्ग हाती घेताना

सप्रेम आशीर्वाद.

गावच्या हॉलमधला इंग्लिश कंट्री डान्सचा वर्ग पुढच्या महिन्यापासून तू घेणार आहेस, आणि सुरुवात कुठून करू असं विचारतेस. धुनीपासून कर. या नाचांत अवघड पाऊल जवळजवळ नसतंच. ज्याला नीट चालता येतं तो पहिल्याच संध्याकाळी नाचू शकतो. अवघड एवढंच, की धुनीचा तुकडा संपताना आपण ठरलेल्या जागी हवं. आधी पोचून ताटकळत नाही आणि उशिरा धापा टाकतही नाही. हे साधलं की साधा नाचही रंगतो. नाही साधलं तर सगळ्या फिगर, म्हणजे नाचातल्या ठरलेल्या हालचाली, बिनचूक असूनही माणसं वाट शोधत फिरताहेत असं दिसतं. शिकवताना जे काही करशील ते या एका गोष्टीसाठी कर.

आता मूळ पुस्तकाबद्दल, कारण वर्गात कोणीतरी विचारणारच की हे खरंच असं नाचायचे का. जॉन प्लेफोर्डनं 1651 मध्ये लंडनला ‘द इंग्लिश डान्सिंग मास्टर’ काढलं. शंभराहून जास्त नाच, प्रत्येकाची धून आणि तिच्याखाली काही ओळींत कृती. प्लेफोर्ड स्वतः नृत्यशिक्षक नव्हता, पुस्तकविक्रेता आणि प्रकाशक होता. त्याचं दुकान इनर टेंपलमध्ये चर्चच्या दाराशी होतं, म्हणजे वकिलीच्या शिक्षणासाठी आलेल्या तरुणांच्या वस्तीतच. ज्यांना नाच आधीच येतो त्यांना क्रम आठवावा एवढ्यापुरतंच त्यात लिहिलंय. कोणी कुठे जायचं ते आहे. पाऊल कसं टाकायचं, हात किती उंच धरायचा, कुठल्या खांद्यावरून वळायचं, हे बहुतेक ठिकाणी नाही. सुरुवातीला खुणांचा छोटा तक्ता आहे, तो पाठ कर. ‘डबल’ म्हणजे चार पावलं पुढे किंवा मागे, शेवटी दोन्ही पाय जुळवून. ‘सिंगल’ म्हणजे दोन पावलं, पाय जुळवून. ‘सेट अँड टर्न सिंगल’ म्हणजे एक सिंगल एका बाजूला, एक दुसऱ्या बाजूला, मग स्वतःभोवती वळण. पुरुषासाठी सूर्याची खूण, बाईसाठी चंद्रकोर. धुनीचा कुठला भाग आणि कितव्यांदा, हे टिंबांनी दाखवलंय.

पुस्तक इतकं खपलं की 1728 च्या सुमारापर्यंत त्याच्या अठरा आवृत्त्या निघाल्या. जॉननंतर त्याचा मुलगा हेन्री आणि मग जॉन यंग यांनी ते चालवलं. पहिल्या आवृत्तीत गोल नाच, चौरस नाच, दोन जोड्यांचे, तीन जोड्यांचे असे सगळे प्रकार आहेत. पुढे पुढे लाँगवेज, म्हणजे समोरासमोरच्या दोन लांब ओळींचेच नाच वाढत गेले. ही गोष्ट कार्यक्रम ठरवताना लक्षात ठेव: संध्याकाळभर फक्त लाँगवेज लावलेस तर लोकांना सगळे नाच एकसारखेच वाटायला लागतात.

आपण आज जे नाचतो त्यात 1651 च्या बरोबरीनं 1911 चाही मोठा वाटा आहे. लोकनृत्यं आणि लोकगीतं गोळा करणाऱ्या सेसिल शार्पनं 1909 मध्ये ‘द कंट्री डान्स बुक’चा पहिला भाग काढला तो खेड्यांत तेव्हाही चालू असलेल्या नाचांचा. त्यात माणसं समोर होती, बघून लिहिता येत होतं. 1911 च्या दुसऱ्या भागात तो प्लेफोर्डकडे वळला. तिथे बघायला कोणी नव्हतं, फक्त छापील ओळी होत्या. रिकाम्या जागा त्यानं आपल्या अंदाजानं आणि गावाकडच्या नाचांवरून भरल्या. त्याच वर्षी इंग्लिश फोक डान्स सोसायटी स्थापन झाली आणि ते भरलेलं सगळं शाळाशाळांतून शिकवलं गेलं. 1932 मध्ये ती संस्था फोक साँग सोसायटीशी एक झाली. लंडनच्या सेसिल शार्प हाउसमध्ये तिचं वॉन विल्यम्स मेमोरियल लायब्ररी हे ग्रंथालय आहे. प्लेफोर्डची पानं मूळ रूपात बघायची सवय तिथून लाव. शार्पचे अंदाज मला आवडतात, त्यातले बरेच नाचायला सुंदर आहेत. पण ‘प्लेफोर्डनं सांगितलंय’ आणि ‘शार्पनं ठरवलंय’ ही दोन वाक्यं वर्गात वेगळी ठेव. तुझ्या वहीतही दोन रंगांची शाई वापर: मूळ ओळ एका रंगात, आपण भरलेलं दुसऱ्या. काही महिन्यांनी आपल्यालाच आठवत नाही की कुठलं काय होतं.

सगळ्यात मोठं उदाहरण साइडिंगचं. प्लेफोर्ड नुसतं ‘साइड्स ऑल’ एवढंच लिहितो. शार्पच्या पद्धतीत समोरासमोरचे दोघं चार पावलांत एकमेकांच्या बाजूनं पुढे निघून जागा बदलतात, तोंड एकमेकांकडे ठेवत वळतात आणि पुढच्या चार पावलांत त्याच वाटेनं परत येतात. 1960 च्या दशकात पॅट शॉ यानं जुनी कागदपत्रं पाहून वेगळा अर्थ मांडला: चार पावलं पुढे येऊन उजव्या खांद्याशी उजवा खांदा असं शेजारी यायचं, चार पावलं मागे जायचं, मग डाव्या खांद्यानं तसंच. दोन्हींना पावलं सारखीच लागतात, त्यामुळे संगीत बिघडत नाही. बिघडतं ते एकाच सेटमध्ये, म्हणजे एकत्र नाचणाऱ्या एका गटात, अर्धे लोक एका पद्धतीचे आणि अर्धे दुसऱ्या पद्धतीचे असले की. एक जण शेजारी येऊन थांबतो, दुसरा त्याला ओलांडायला निघतो, आणि खांद्यावर खांदा आपटतो. नाच सांगतानाच ‘आज शॉचं साइडिंग’ असं एकदा स्पष्ट सांगितलंस की हा प्रश्न सुटतो. माझा कल शॉकडे आहे; पण वाहत्या, लांब सुरांच्या धुनीला शार्पचंच जास्त शोभतं आणि तिथे मी ते बिनदिक्कत घेतो.

छापील ओळ जमिनीवर कशी उतरते ते एका नाचावर नीट बघ. ‘रफ्टी टफ्टी’ घे. 1651 चा, दोन जोड्यांचा, समोरासमोर उभं राहून. पहिल्या भागात सगळे डबल पुढे, डबल मागे, आणि पुन्हा तेच. म्हणजे आठ आणि आठ पावलं. दुसऱ्या भागात सेट अँड टर्न सिंगल, दोनदा; पुन्हा आठ आणि आठ. तिसऱ्या भागात प्रत्येक पुरुष आपल्या जोडीदाराला डाव्या हातानं भिंतीकडे नेतो, हात बदलून परत आणतो आणि सगळे टर्न सिंगल करतात. चार, चार आणि चार, म्हणजे बारा पावलं. मग समोरच्या जोडीतल्या बाईला उजव्या हातानं तसंच, आणखी बारा. बेरीज छप्पन्न. बहुतेक बँडना चौसष्ट पावलांच्या, म्हणजे बत्तीस बारच्या (बार म्हणजे धुनीतलं तालाचं एक माप) धुनींची सवय असते, आणि सरावाशिवाय वाजवणारा फिडलवाला तिसऱ्या भागाच्या शेवटी नकळत दोन बार जास्त वाजवतो. नाचणारे टर्न सिंगल संपवून उभे, धून अजून चालूच. त्यामुळे वाजवणाऱ्यांनाही हा नाच आधी एकदा चालायला लाव. चालून झाल्यावर त्यांचा हात आपोआप योग्य जागी थांबतो.

या नाचात चूक होते ती तिसऱ्या भागात, आणि ती नेहमी एकाच ठिकाणी. लोक चार पावलं सरळ भिंतीकडे चालतात, पाचव्याला वळायला लागतात, तोवर परतीचं एक पाऊल गेलेलं असतं. टर्न सिंगल मग तीन पावलांत कोंबावं लागतं. उपाय असा: तीन पावलं बाहेर, चौथ्यावर जोडीदाराकडे तोंड करत वळायचं आणि तिथेच हात बदलायचा. पाचवं पाऊल परतीचं. हे संगीताशिवाय दोनदा चालवून घे आणि ‘चौथ्यावर वळा’ एवढेच शब्द वापर. दुसऱ्यांदा नेताना कुठल्या भिंतीकडे, हाही गोंधळ होतो. पहिल्यांदा दोन जोड्या एकमेकींपासून दूर जातात; दुसऱ्यांदा नव्या जोड्या आधीच्या दिशेला काटकोनात जातात. हात दाखवून भिंत दाखव, बोलून नको.

मग पूर्ण धून आणखी दोनदा. दुसऱ्या वेळी सुरुवातीच्या पुढे-मागेच्या जागी साइडिंग, तिसऱ्या वेळी आर्मिंग (हात अडकवून एकमेकांभोवती वळणं), आणि मागचा भाग तोच. डबल, साइडिंग, आर्मिंग हा क्रम पहिल्या आवृत्तीतल्या कितीतरी नाचांत आहे, त्यामुळे एकदा शिकवलं की ते सगळे नाच अर्धे शिकवून झालेले असतात. पहिला महिना मी तुला याच सांगाड्याचे नाच निवडायला सांगेन.

तू लहानपणापासून तबला शिकली आहेस, म्हणून खास तुझ्यासाठी एक सूचना. आपल्याकडे तिहाई समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर पडते, तुकडा समेवर येऊन संपतो. इथे आठ पावलांची फिगर आठव्या पावलावर संपते आणि पुढची ‘एक’ ही नव्या फिगरची पहिली हालचाल असते. आपल्या तालाची सवय असलेला माणूस ‘एक’वर जागी पोचतो, क्षणभर टेकतो आणि ‘दोन’वर निघतो. त्याला आपण अगदी तालात आहोत असंच वाटत असतं, आणि समोरचा मात्र हात पुढे करून वाट बघत असतो. तुझ्या नाचण्यात हे अजून थोडं दिसतं. शिकवणाऱ्याचं दिसलं की सगळा वर्ग तेच उचलतो, म्हणून आधी ते घालव. मोजताना ‘सात, आठ, निघा’ असं मोज. ‘निघा’ म्हणजेच एक.

याच कारणासाठी डबलचं चौथं पाऊल जपून शिकव. तीन पावलं पुढे टाकून चौथंही तसंच लांब टाकलं तर शरीराचा भार पुढे ढकलला जातो आणि पाचव्याला मागे यायचं असताना तो आधी ओढून आणावा लागतो. चौथ्याला पाय दुसऱ्या पायाशेजारी आणून ठेवला, गुडघे सैल आणि भार मधोमध राहिला, की मागे जाणं सहज होतं. सगळा फरक या वीतभर अंतराचा. टर्न सिंगलचं उलट: लोक जागच्या जागी गिरकी घेतात, दोन पावलांत संपवतात आणि वयस्कर माणसांना चक्कर येते. चार पावलांत जेवणाच्या ताटाएवढं वर्तुळ चालायचं, उजव्या खांद्यावरून. सेट करताना आधी उजवीकडे, मग डावीकडे. ‘आधी उजवं’ हा आजचा रिवाज आहे, प्लेफोर्ड तसं सांगत नाही. पण सगळ्यांनी एकच पाळावं हे बरं.

हात धरण्याबद्दल थोडं. दोन हातांचं किंवा एका हाताचं वळण घेताना कोपर किंचित वाकलेलं आणि हातात हलका ताण हवा, दोघं एकमेकांचा थोडा भार पेलतील एवढा. मेलेला हात धरून वळायचं म्हटलं तर वर्तुळ मोठं होतं आणि आठ पावलांत पूर्ण होत नाही. आवळून धरलेला हात त्याहून वाईट; सांधे दुखणाऱ्या माणसाला तो नकोसा होतो आणि तो पुढच्या आठवड्यात येत नाही. अंगठ्यानं समोरच्याचा हात दाबायचा नाही, हे पहिल्याच दिवशी सांग.

लाँगवेज कधी सुरू करायचं? तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. ‘होल इन द वॉल’ पहिला म्हणून चांगला. त्याची धून हेन्री पर्सेलनं 1695 मध्ये ‘अब्देलाझर’ या नाटकासाठी केलेल्या संगीतातली हॉर्नपाइप (नाचाच्या धुनीचा एक प्रकार) आहे. नाच दोन-दोन जोड्यांच्या छोट्या गटांत चालतो. पहिली जोडी बाहेरच्या अंगानं दुसऱ्या जोडीला वळसा घालून खाली जाते आणि मधून वर परत येते. दुसरी जोडी तसंच वरच्या बाजूनं करते. मग पहिले कोपरे (पहिला पुरुष आणि त्याच्या तिरकस समोरची दुसरी बाई) जागा बदलतात, दुसरे कोपरे (उरलेले दोघं) बदलतात, चौघं हात धरून अर्धं वर्तुळ डावीकडे जातात, आणि पहिली जोडी बाहेरून एक जागा खाली उतरते, दुसरी मधून वर येते. बस्स. वर्गातला कुठलाही माणूस हे पाच मिनिटांत शिकतो.

तरी हा नाच दहापैकी आठ ठिकाणी वाईट नाचला जातो, कारण ताल तीनाचा आहे. एका बारला तीन पावलं, आणि कोपरे बदलायला दोन बार, म्हणजे सहा पावलं. अंतर खरं तर चार पावलांचं. लोक चार पावलांत पोचतात आणि दोन पावलं उभे राहतात. नाचाची सगळी मजा तिथे मरते. सहाही पावलं वापरायला शिकव: पहिल्या दोन पावलांत समोरच्याकडे बघत थोडं वळण घेत निघायचं, तिसऱ्या-चौथ्यात मधोमध उजव्या खांद्यानं ओलांडायचं, पाचव्या-सहाव्यात समोरच्या जागेत वळून उभं राहायचं. नजर शेवटपर्यंत त्या माणसावर. सुरुवातीला वळसा घालताना नेमकं उलट होतं, सहा पावलं कमी पडतात, कारण लोक फार बाहेरून फिरतात. दुसऱ्या जोडीच्या पाठीला जवळजवळ घासून जायला सांग. म्हणजे एकाच नाचात एकदा वाट आखूड करायची आणि एकदा लांबवायची. पावलांचा वेग मात्र कुठेही बदलायचा नाही.

लाँगवेजमध्ये ओळीच्या टोकांना घोळ होणार हे गृहीत धर. ओळ लावून झाली की वरून चार-चार जणांना हात धरायला लाव, पहिल्या आणि दुसऱ्या जोड्या मोजून घे. एक आवर्तन झालं की टोकाला पोचलेल्या जोडीला गट उरत नाही. ती एक आवर्तन थांबते आणि मग नव्या क्रमांकानं आत येते: खाली पोचलेली पहिली जोडी दुसरी होते, वर पोचलेली दुसरी जोडी पहिली. ‘होल इन द वॉल’मध्ये पुरुष एका बाजूला, बायका एका बाजूला अशीच रचना राहते, त्यामुळे थांबताना बाजू बदलायची नसते. ज्या नाचांत पहिल्या जोडीनं बाजू बदलून सुरुवात केलेली असते, तिथे टोकाला पोचलेल्यांनी थांबतानाच बाजू बदलून ठेवायची. हे आधी सांगूनही काही उपयोग होत नाही. पहिल्या दोन आवर्तनांना तू स्वतः खालच्या टोकाला जाऊन उभी राहा आणि तिथेच हळू आवाजात सांग.

तीन-तीन जोड्यांचे लांब ओळीतले नाच नव्या वर्गाला लावू नकोस. त्यांत खाली जाणारी पहिली जोडी सतत नाचते आणि वर सरकणाऱ्या जोड्या दर आवर्तनाला दुसरी-तिसरी अशा अदलाबदल होत राहतात, ते ध्यानात ठेवताना लोक हरवतात. ओळ मोठी असेल तर शेवटच्या जोडीला पहिलं व्हायची वेळच येत नाही. अठराव्या शतकात तर फक्त सगळ्यात वरची जोडी सुरू करायची आणि बाकीचे ती येईपर्यंत उभे असायचे. असा नाच आवडला तर तीन जोड्यांचा बंद सेट कर, धून तीनदा वाजव, दर वेळी पहिली जोडी शेवटी जाईल असा शेवट जुळव. त्यासाठी शेवटच्या फिगरमध्ये एखादा बदल करावा लागला तर तो दुसऱ्या शाईत लिही.

आता संगीत. प्लेफोर्डच्या पुस्तकात फक्त धून आहे. खालचा सूर नाही, कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) नाहीत. छपाईत बारच्या रेघा आणि आवर्तनाच्या खुणा चुकलेल्याही सापडतात, त्यामुळे धून आणि कृती यांची पावलं समोरासमोर मांडून जुळवायची. नाही जुळली तर आधी खुणांवर संशय घे, नाचावर नंतर. कित्येक धुनी आजच्या मेजर-मायनरमध्ये बसत नाहीत. सातवा स्वर कोमल असतो. पियानोवाला सवयीनं तो शुद्ध करून कॉर्ड लावतो आणि धुनीचा रंगच जातो. त्याला सांग की स्वर छापलाय तसाच राहू दे, कॉर्ड त्याच्यामागे जाऊ देत.

दोन वाद्यांचा बँड पुरतो: धुनीला फिडल, बासरी किंवा रेकॉर्डर, आणि खाली पियानो किंवा चेलो. पहिली दोन आवर्तनं धून साधी, जशीच्या तशी वाजवायची, कारण त्या वेळात नाचणारे तिचे तुकडे कानात बसवत असतात. कलाकुसर तिसऱ्यापासून. आणि कितीही सजवलं तरी तुकड्याचा शेवट झाकायचा नाही. तिथे श्वास ऐकू आला पाहिजे. लय मेट्रोनोमनं ठरवून वहीत लिहून ठेव. चालत्या पावलांच्या सहा-आठच्या (6/8 तालाच्या) धुनींना मिनिटाला 108 ते 116 पावलं, ‘होल इन द वॉल’सारख्या तीनाच्या हॉर्नपाइपला साधारण 96 ते 104. त्या हॉर्नपाइपला वॉल्ट्झसारखा पहिल्या मात्रेवर ठोका देऊ नका. तिथे तिन्ही पावलांना वजन लागतं, नाहीतर नाचणारे झुलायला लागतात आणि पुढे सरकतच नाहीत. बँड दमला की लय उतरत नाही, चढते. आठवं आवर्तन पहिल्यापेक्षा जलद निघतं आणि वयस्कर माणसं मागे पडतात. तू बँडजवळ उभी असतेस, तेव्हा तळहात खाली करून खूण कर. शेवटाला दोन आवर्तनं राहिली की दोन बोटं वर, एक राहिलं की एक. ही खूण आधी ठरलेली हवी.

किती वेळ नाचवायचं याचा हिशेब सोपा आहे. 64 पावलांची धून 112 च्या लयीत सुमारे 34 सेकंद चालते. नऊ आवर्तनं म्हणजे पाच मिनिटं. लाँगवेजला सात ते नऊ पुरे. रेकॉर्डवर नाचवत असशील तर आवर्तनं आधी मोज. तीन भागांच्या नाचाला दोनदाच वाजणारी रेकॉर्ड लावली तर आर्मिंगपर्यंत पोचायच्या आत संगीत संपतं.

पुकारा करताना शब्द फिगरच्या आधी संपायला हवा. पुढची फिगर ‘एक’वर सुरू होणार असेल तर तू पाच ते आठ या पावलांत बोल, आणि आठव्यावर तुझं तोंड बंद. आधी कोण, मग काय: ‘पहिले कोपरे, बदला’. ‘आता आपण काय करणार आहोत तर’ अशी सुरुवात केलीस की वेळ गेलीच. तिसऱ्या आवर्तनापासून शब्द कमी कर, पाचव्याला गप्प हो. शिकवणारा बोलत राहिला तर लोक त्याच्या आवाजावर चालतात आणि धून ऐकायची थांबवतात, मग आपण सगळ्यात महत्त्वाचं तेच हरवून बसतो. चालून दाखवणं दोनदाच. दोन वेळा चालूनही जमलं नाही तर तिसऱ्यांदा संगीताबरोबर जमतं, कारण तेव्हा धून हात धरून नेते. आज बऱ्याच वर्गांत पुरुष-बाई असं न म्हणता जागेवरून पुकारतात: पहिली डावी ओळ, पहिले कोपरे, वरची जोडी. तुझ्याकडे बायका जास्त येणार, तेव्हा सुरुवातीपासून हीच सवय लाव. पुरुषाच्या जागी नाचणाऱ्या बायकांना ओळखायला गळ्यात पट्टे वगैरे बांधायची गरज राहत नाही.

जेन ऑस्टिनच्या कादंबऱ्यांवरचे चित्रपट आणि मालिका पाहून काही जण येतील, त्यांचं मनापासून स्वागत कर. त्यांना ‘मिस्टर बेव्हरिजेस मॅगट’ हवा असेल, कारण 1995 च्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मध्ये तो आहे. नाच छान आहे, अवघडही आहे, तीनाचाच आहे, म्हणून दोन महिन्यांनी घे. आणि शिकवताना सांग की तो 1695 चा आहे. ऑस्टिन 1775 मध्ये जन्मली, तिच्या तरुणपणी तो शंभर वर्षांचा जुना होता. अशा खऱ्या माहितीनं कोणाचा उत्साह कमी होत नाही. तिच्या काळचे नाच शोधायचे असतील तर एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला टॉमस विल्सननं लिहिलेल्या पुस्तकांकडे वळ, तिथे फिगर आकृत्यांसह दिल्यात.

नव्या अभ्यासकांनी लावलेले अर्थ वापरशील तेव्हा त्यांचं नाव पुकार. प्लेफोर्डचं मूळ सगळ्यांचं आहे. आजच्या माणसानं त्यावर घेतलेले कष्ट त्याचे आहेत, आणि छापून वाटायचे असतील तर परवानगी लागते.

पहिल्या संध्याकाळीसाठी: दोन तास, मध्ये पंधरा मिनिटं चहा, आठ नाच पुरेत. सुरुवात ‘गॅदरिंग पीस्कॉड्स’नं कर. गोल नाच, कितीही जोड्या, उशिरा येणाऱ्यालाही आत घेता येतं. पहिला तुकडा आठ पावलं गोलात आणि चार पावलं टर्न सिंगल, म्हणजे बाराचा आहे, हे बँडला सांगून ठेव. पुरुष मधे जाऊन टाळी वाजवतात, ते मागे येत असताना बायका मधे जातात. पुरुष सरळ मागे न येता हात पसरून वळत राहिले तर बायका त्यांच्यावर आदळतात. टाळी नेमकी कितव्या पावलावर हे मूळात नाही. मी चौथ्यावर घेतो, कारण तेव्हा सगळे मध्यापाशी असतात. त्यानंतर ‘रफ्टी टफ्टी’, दोन-दोन जोड्यांचे जितके सेट होतील तितके. चहानंतर ‘ब्लॅक नॅग’ लाव, तीन जोड्यांचा, जोमदार. त्यातली शेवटची तिघांची ‘हे’ नावाची फिगर, म्हणजे एकमेकांना ओलांडत आठाच्या आकड्यात चालणं, बसायला वेळ लागतो. टोकाचा माणूस थांबला की ही ‘हे’ मोडते. ‘टोकाला मोठं वळण, कुठेही थांबू नका’ एवढं सांग. ज्यांना उड्या मारता येत नाहीत त्यांना सरळ चालू दे, धुनीवर वेळेत पोचले म्हणजे झालं. ओळीत दोन जोड्यांमध्ये साधारण सव्वा मीटर आणि समोरासमोर दीड मीटर अंतर धर; हॉल मोठा असला की लोक आपोआप पांगतात आणि मग कुठलीच फिगर वेळेत होत नाही, तेव्हा दर नाचाआधी ओळी जवळ आण.

वहीचं पहिलं पान तयार झालं की पाठव. पावलांची बेरीज तपासून देतो.

तुझा शुभचिंतक

ता. क. फरशी गुळगुळीत व्हावी म्हणून कोणी पावडर टाकायला निघालं तर थांबव. ब्लॅक नॅगच्या आडव्या उड्यांना पाय सटकतात. लोकांना पातळ चामड्याच्या तळव्याचे बूट आणायला सांग. रबरी तळवा टर्न सिंगलला जमिनीला धरून बसतो आणि पीळ गुडघ्याला बसतो.